तुटणारे वायफाय आणि जुना लॅपटॉप : कांजूरमार्गच्या संदर्भात एक आढावा

जुन्या लॅपटॉपवर वायफाय टिकत नाही, या तक्रारीला घरोघरी दोनच उत्तरे ऐकू येतात : ‘राऊटर बंद करून परत चालू कर’ हे पहिले आणि ‘लॅपटॉप म्हातारा झाला, आता नवा घे’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने दोष काही तासांपुरता झाकला जातो, दुसऱ्याने तो न शोधताच निकालात निघतो, आणि बिघाड कोणत्या तरी एका डब्यात बसलेला आहे हे दोन्ही उत्तरांत गृहीत धरलेले असते. वास्तविक बाहेरून येणारी फायबरची तार, राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामधील हवा, लॅपटॉपच्या आतला रेडिओ म्हणजे वायफाय कार्ड व त्याचे अँटेना, आणि त्या रेडिओला हुकूम देणारी संगणकप्रणाली अशा चार टप्प्यांतून प्रत्येक पान पडद्यावर येते. यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच, गोल फिरणारे चक्र. कांजूरमार्गसारख्या दाट वस्तीत पहिला संशय यंत्रावर न घेता हवेवर घ्यावा, आणि यंत्रावर घ्यायची वेळ आलीच तर तो पूर्ण यंत्रावर न घेता त्याच्या एखाद्या सुट्या भागावर घ्यावा, असे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

कांजूरमार्ग मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मध्ये येते. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग व त्याच्या वरच्या अंगाला टेकडीच्या उतारावर चढत गेलेली बैठ्या घरांची वस्ती, पूर्वेला कांजूर गाव, जुन्या वसाहती, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मिठागरे व ठाण्याची खाडी, असा या उपनगराचा आडवा छेद आहे. कारखान्यांच्या जमिनींवर निवासी टॉवर उभे राहिल्यापासून बैठे घर, चार मजली वसाहत आणि उंच टॉवर ही तिन्ही रूपे चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात, आणि वायफायच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी हवामाने आहेत. बैठ्या घरांत भिंती पातळ असल्याने स्वतःची लहर पोटमाळ्यापर्यंत सहज पोहोचते, पण शेजारच्या दहा-पंधरा घरांच्या लहरीही तितक्याच सहज आत येतात. टॉवरमध्ये याच्या उलट घडते. ॲल्युमिनियमचे साचे लावून स्लॅब आणि भिंती एकत्रच ओतण्याची जी ‘मायवान’ पद्धत अलीकडच्या इमारतींत वापरली जाते, तिच्यात हॉल आणि बेडरूममधील भिंतही सळईच्या काँक्रीटची असते, आणि फायबरची तार मुख्य दाराशी घरात शिरत असल्यामुळे राऊटर चपलांच्या कपाटावर बसतो, तर लॅपटॉप सर्वांत आतल्या खोलीत. अशा घरात शेजाऱ्यांचा त्रास कमी असूनही स्वतःचेच वायफाय पोहोचत नाही.

हवेतील गर्दीचे स्वरूप समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. वायफाय ज्या मानकावर चालते ते ‘८०२.११’ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढील आवृत्त्यांना अक्षरे जोडली गेली, त्यांत १९९९ ची ‘बी’, २००३ ची ‘जी’, २००९ ची ‘एन’ आणि २०१३ ची ‘एसी’ या जुन्या लॅपटॉपच्या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. यांपैकी बी आणि जी केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम जानेवारी २००५ मध्ये निघाले. परवाना नको याचाच दुसरा अर्थ असा की त्या पट्ट्यात कोणालाही मज्जाव नाही; ब्लूटूथ, बिनतारी माऊस आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचाही वावर तिथेच असतो. या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत, परंतु चॅनेलांतील अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येक प्रक्षेपणाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झची असल्याने १, ६ आणि ११ एवढेच तीन चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात. तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनेलवर बसवलेला राऊटर लोकलच्या तीन जणांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागणाऱ्या प्रवाशासारखा असतो, फरक एवढाच की इथे तो दोन बाकांना एकाच वेळी अडचण करतो. एकाच चॅनेलवरील यंत्रे परस्परांचे बोलणे ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचे बोलणे मात्र त्यांना निव्वळ गोंगाट म्हणून ऐकू येते, त्यामुळे संदेश बिघडतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून गर्दीच्या वस्तीत सहाव्या चॅनेलवर इतरांसह रांगेत उभे राहणे हे तिसऱ्यावर एकटे बसण्यापेक्षा बरे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपांची आणखी एक अडचण असते : तेथील नियमांप्रमाणे बसवलेली अनेक कार्डे १२ आणि १३ हे चॅनेल पाहतच नाहीत, आणि राऊटरने आपोआप त्यांपैकी एक निवडला की त्या लॅपटॉपपुरते घरातले वायफाय नाहीसे होते.

रांगेचीही एक किंमत असते. कोणी काही पाहत नसले तरी प्रत्येक राऊटर दर सेकंदाला सुमारे १० वेळा आपल्या अस्तित्वाची हजेरी लावतो; या हजेरीच्या संदेशाला ‘बीकन’ म्हणतात. जुन्यातील जुन्या यंत्रालाही तो समजावा म्हणून अनेक राऊटर तो १ मेगाबिट प्रतिसेकंद या सर्वांत मंद वेगाने पाठवतात. बीकन ३०० बाइटचा धरला तर त्याला २.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नेटवर्कची नुसती हजेरी सेकंदातले सुमारे २५ मिलिसेकंद खाते. आणि एका चॅनेलवर अशी २० नेटवर्क ऐकू येत असतील, तर कोणीही एक अक्षर पाठवण्याआधीच जवळपास अर्धा सेकंद संपलेला असतो. बैठ्या वस्तीत २० नेटवर्क दिसणे ही अजिबात नवलाची गोष्ट नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘बी’ आवृत्ती बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी, कारण केवळ ‘बी’ समजणारे लॅपटॉप २००३ च्या आधीचे असतात आणि ते आता शोधूनही सापडणार नाहीत. मात्र शेजाऱ्यांच्या राऊटरला हे कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच. पाण्याच्या वेळेवरून आणि पार्किंगवरून सभा घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी चॅनेलांची वाटणी कधी विषयपत्रिकेवर घेतलेली नाही, यात आश्चर्य नसले तरी तोटा आहे. आपोआप चॅनेल निवडण्याच्या सोयीवर विसंबणेही धोक्याचे ठरू शकते : अनेक राऊटर ही निवड चालू होतानाच करतात, आणि वीज जाऊन आल्यावर सगळ्या इमारतीतले राऊटर एकदमच चालू होत असल्याने प्रत्येकाला हवा मोकळीच वाटण्याची शक्यता असते.

या गर्दीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात या पट्ट्याचा मोठा भाग घरात आणि घराबाहेरही परवानामुक्त झाला, आणि फायबरबरोबर मिळणारे हल्लीचे बहुतेक राऊटर दोन्ही पट्टे देतात. परंतु ‘एन’ आवृत्तीत दोन्ही पट्ट्यांची मुभा असूनही स्वस्त लॅपटॉपांत केवळ २.४ चे आणि एकाच अँटेनाचे कार्ड घालण्याची प्रथा बरीच वर्षे चालली. असे कार्ड २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत कागदोपत्री ७२ मेगाबिटपर्यंत जाते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास देते, तेव्हा १०० मेगाबिटचा प्लॅन घेऊनही ३५ मिळणे हा बिघाड ठरत नाही. ‘एसी’ ही आवृत्ती फक्त ५ गिगाहर्ट्झमध्ये चालत असल्याने कार्डाच्या नावात ती अक्षरे असली की दोन्ही पट्टे मिळतात असे समजावे. कार्डाचे नाव विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये दिसते.

उच्च वारंवारतेची लहर भिंतीत अधिक अडते. भिंत नसतानाही, सारख्याच अँटेनांनी आणि त्याच अंतरावर, ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ च्या तुलनेत सुमारे ७ डेसिबलने क्षीण पोहोचते, आणि दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते हे लक्षात घेतले तर हा फरक पाचपटींचा आहे. याच नियमाचा उलट बाजूने केलेला उपयोग कांजूरमार्गच्या शेजारी, पवईच्या आयआयटीत पाहायला मिळाला : अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या, एक गिगाहर्ट्झच्याही खालच्या पट्ट्यातील मोकळी जागा वापरून पालघर जिल्ह्यातील खेड्यांत झाडीतून इंटरनेट नेले, आणि २०१७ मध्ये त्याला मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. शहरातील घरापुरता निष्कर्ष सरळ आहे : ५ गिगाहर्ट्झ त्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे वापरावे, त्यापुढे राऊटरच हलवावा. या पट्ट्यातील ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागताच राऊटर चॅनेल सोडून पळतो आणि जुने कार्ड मागे राहते. मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचा सी-बँडमधील रडार आहे, तोही वारंवारतेच्या याच टापूत काम करतो. जुन्या लॅपटॉपसाठी ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल कायम ठेवणे श्रेयस्कर.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्याची पद्धत साधी आहे, फक्त ती बिघाड चालू असतानाच करावी लागते. लॅपटॉप जिथे आहे नेमक्या त्याच जागी मोबाइल ठेवून त्याच वायफायवर, तोही २.४ च्या पट्ट्यावर, काय होते ते पाहावे. मोबाइलही अडखळत असेल तर लॅपटॉप निर्दोष समजावा. त्यानंतर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा. तिथे तो तासभर नीट चालला तर त्याचा रेडिओ शाबूत आहे. तिसरी तपासणी ‘पिंग’ची. पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून प्रतिसादाला किती मिलिसेकंद लागले ते मोजणारी आज्ञा. ती एका खिडकीत राऊटरच्या पत्त्यावर, जो बहुधा १९२.१६८.१.१ असा काही असतो, आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर सतत चालू ठेवावी. राऊटरची उत्तरे वेळेवर येत असताना बाहेरची तुटली तर दोष तारेत किंवा कंपनीकडे. राऊटरचीच उत्तरे कधी २, कधी ८०० मिलिसेकंदांनी येऊ लागली तर दोष हवेत किंवा कार्डात. कंपनीच्या ग्राहकसेवेला ‘नेट स्लो आहे’ असे सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितल्याने संभाषण लवकर संपते.

रेंजच्या काड्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. काड्या लहरीची ताकद दाखवतात, हवेतील गर्दी दाखवत नाहीत, म्हणून काड्या पूर्ण असताना पान न उघडणे हे गर्दीचे ठळक लक्षण आहे. ताकद उणे आकड्यांत मोजतात : उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्रफीत सुरळीत, उणे ८० च्या खाली जोडणी तुटणार हे जवळपास ठरलेले. विंडोज हाच आकडा टक्क्यांत सांगते आणि तिच्या मोजपट्टीवर ५० टक्के म्हणजे उणे ७५, तेव्हा ‘निम्मी रेंज आहे’ हे समाधान फसवे असते. विंडोज १० पासून मागील तीन दिवसांतील वायफायच्या जोडणी-तुटीचा तपशीलवार अहवालही कमांड प्रॉम्प्टवरून काढता येतो. त्यात प्रत्येक तुटीची वेळ आणि कारण दिलेले असते, पण तो फारसा कोणी उघडत नाही.

यंत्रावर संशय स्थिर झाल्यावर आधी बिजागरीकडे पाहावे. बहुतेक लॅपटॉपांत वायफायचे अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या केसाइतक्या नव्हे, पण सुतळीहून बारीक तारा बिजागरीतून खालच्या कार्डापर्यंत येतात. आठ-दहा वर्षे पडदा उघडमिट झाल्यावर ही तार आतल्या आत तुटते किंवा तिचे वेष्टण चिरते. पडद्याचा कोन बदलताच रेंज बदलत असेल, तर निदान तिथेच झाले. तारेच्या टोकाचे बटणासारखे जोडबिंदू, जे एकदा पंखा साफ करताना किंवा रॅम बदलताना सुटले की कारागिराच्या लक्षात न येता तसेच राहतात, हेही वारंवार आढळणारे कारण आहे; दोनपैकी एकच तार सुटली तर वायफाय बंद न पडता फक्त दुबळे होते, आणि त्यामुळे संशय तिच्यावर जात नाही. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने उघड्या खिडकीशी राहिलेल्या यंत्रात या जोडबिंदूंवर आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर गंज किंवा मळ धरतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर व बॅटरी अलग करून कार्ड काढावे, पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून ते पुन्हा बसवावे. एवढ्यानेच काम झाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायात नित्याची आहेत. बाहेरचा आणखी एक शत्रू यूएसबी ३ हा आहे. २०१२ मध्ये इंटेलने प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवून दिल्याप्रमाणे या जोडणीच्या केबली व हार्ड डिस्क २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सांडतात. हार्ड डिस्क लावली की वायफाय मरते, या गूढाचा उलगडा तो.

प्रणालीच्या पातळीवर ‘ड्रायव्हर’ हा मुख्य विषय. कार्ड आणि विंडोज यांच्यातील दुभाष्याचे काम करणारी ही आज्ञावली जुनी राहिली आणि राऊटर नवा आला, की दोघांचे बोलणे फिसकटते; इंटेलच्या काही जुन्या कार्डांना, ड्रायव्हर नवा केल्याशिवाय, ‘वायफाय ६’ म्हणजे ‘एएक्स’ आवृत्तीची नेटवर्क यादीतसुद्धा दिसत नाहीत. सुरक्षेच्या कुलपाबाबतही तसेच होते : २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए ३’ पद्धत जुनी कार्डे जाणत नाहीत आणि दोन्ही पद्धतींच्या मिश्र मांडणीवर काही अडखळतात, तेव्हा राऊटर ‘डब्ल्यूपीए २’ वर, एईएस या कूटलेखनासह ठेवणे हा व्यवहार्य तोडगा आहे. त्याहून जुनी टीकेआयपी पद्धत मात्र टाळावी, कारण ती असताना ‘एन’ कार्डही ५४ मेगाबिटवर अडते. चार्जर काढताच नेट मंदावत असेल तर वीज वाचवण्यासाठी कार्डाला झोपवण्याची विंडोजची सवय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावी.

काही बिघाड वायफायचे नसतातच. जुन्या लॅपटॉपमधील घड्याळाचा छोटा सेल संपला की तारीख अनेक वर्षे मागे जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जात असल्याने बँकेचे पान उघडत नाही. दोष नेटच्या माथी येतो, उपाय मात्र थोड्या रुपयांच्या सेलचा असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तर ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभरातील जुन्या यंत्रांवर अनेक संकेतस्थळे एका दिवसात बंद झाल्यासारखी भासली. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर अपडेट उतरत असताना सर्वच मंदावते, तेही असेच वायफायच्या खात्यावर लिहिले जाते.

उपायांत सर्वांत उपेक्षित उपाय सर्वांत खात्रीचा आहे : राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी लॅन केबल. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत तिचे भोक असते, आणि एका जागी बसून परीक्षा किंवा मुलाखत देणाऱ्याने हवेशी झगडण्याचे काही कारण नाही. केबल शक्य नसेल तर दोन्ही पट्ट्यांचा, ‘एसी’ आवृत्तीचा यूएसबी ॲडॉप्टर घ्यावा आणि तो वाढीव यूएसबी केबलने यंत्रापासून हातभर लांब ठेवावा. यात आतले कार्ड, अँटेना आणि बिजागरी हे तिन्ही संशयित एका फटक्यात बाजूला होतात. आतले कार्ड बदलण्याचा मार्ग ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून जातो, परंतु तिथे जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. जुनी यंत्रे ‘मिनी पीसीआय एक्स्प्रेस’ प्रकारचे कार्ड घेतात, नंतरची ‘एम डॉट टू’ प्रकारचे, आणि दोघांच्या तारांचे जोडबिंदूही सारखे नसतात. ज्यांचा अर्धा भाग प्रोसेसरमध्येच असतो अशी एएक्स २०१ सारखी इंटेलची कार्डे खाचेत बसली तरी जुन्या यंत्रात चालत नाहीत, तिथे एएक्स २०० घ्यावे लागते. आणि काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत, मान्य कार्डांची यादी कोरलेली असून तिच्याबाहेरचे कार्ड लावल्यास यंत्र सुरूच होत नाही. वायफाय वाढवणारे ‘रिपीटर’ विकत घेण्याआधी राऊटर चपलांच्या कपाटावरून घराच्या मध्यावर आणून पाहावा, कारण साधा रिपीटर त्याच गर्दीच्या चॅनेलवर तेच बोलणे दुसऱ्यांदा बोलतो.

लॅपटॉप खरोखर बाद केव्हा समजावा, याचे उत्तर वायफायवरून ठरत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जे यंत्र विंडोज ११ घेत नाही त्यावर लिनक्स घालून ते वापरता येते, मात्र ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना तिथे फर्मवेअर वेगळे मिळवावे लागते. तुटक्या बिजागरीपायी किंवा शेजारच्या राऊटरपायी यंत्र मोडीत काढणे हा निव्वळ अपव्यय आहे. आणि जे काढावेच लागेल, ते जुने कार्ड, तो सेल, फुगलेली बॅटरी, घंटागाडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार कार्डासारखा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. घंटागाडीतल्या मालाचा मुंबईतील सर्वांत मोठा मुक्काम कांजूरमार्गच्याच खाडीकाठी आहे.